मोडलेल्या जिनसांचा कैवार

छताला टांगलेला पंखा एके दिवशी बटण दाबल्यावर नुसताच घुमतो, काठीने पाते ढकलले तर मोठ्या अनिच्छेने फिरू लागतो, पण वेग काही धरीत नाही. आणि हा प्रकार दोन-चार दिवस चालला की घरातील मंडळी 'हा गेला आता' असा निकाल देऊन मोकळी होतात. वस्तुतः पंखा गेलेला नसतो. गेलेला असतो तो त्याच्या पेल्याखाली दडलेला, बहुधा अडीच मायक्रोफॅरड क्षमतेचा एक लहानसा कपॅसिटर, ज्याची किंमत शंभर रुपयांच्या आत असते आणि जो बदलण्यास जाणत्या माणसाला पाव तास पुष्कळ होतो. मिक्सरची मोटार फिरते पण पाते फिरत नाही, असे झाले तर दोष बहुतेक वेळा दात झिजलेल्या कपलरचा असतो. तोच मिक्सर चालता चालता एकाएकी मुका झाला, तर मोटार जळाली असे मानण्यापूर्वी त्याच्या तळाशी असलेले बटण दाबून पाहावे, कारण अतिभाराने मोटार तापू लागताच वीज तोडण्याची ती एक तजवीज आहे आणि तिने आपले कर्तव्य चोख बजावलेले असते. इस्त्रीची तार मुठीपाशी रोज वळून आतल्या आत तुटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. या तिन्ही प्रसंगी लागणारा सुटा भाग बाजारात मिळतो, स्वस्त मिळतो आणि बहुधा घरापासून फार दूरही नसतो. घरात नसते ती दोष ओळखणारी दृष्टी. ही दृष्टी एकेकाळी वस्तीची सामाईक मिळकत होती, ती हळूहळू कारखानदाराच्या दप्तरात जमा झाली, आणि ती परत वस्तीत आणावयाची असेल तर त्यासाठी शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकत्र बसण्यावाचून दुसरा मार्ग नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न केवळ चार पैशांच्या बचतीचा नाही. टाकून दिलेल्या विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जागतिक हिशेब ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात असा ६ कोटी २० लाख टन कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. उरलेला कोठे जातो हे मुंबईकरांना देवनार येथे आणि पुणेकरांना उरुळी देवाची व फुरसुंगी येथे पाहावयास मिळाले. देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला, आणि २०१६ च्या जानेवारीत तिला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस वस्त्यांवर पसरून राहिला; उरुळी-फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी तर आपल्या विहिरींचे पाणी नासल्याची तक्रार घेऊन कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडविल्या. शहरातील सुशिक्षित गृहस्थ 'पुनर्प्रक्रिया होईलच' या समाधानात असतो. हे समाधान अपुरे आहे. पुनर्प्रक्रियेत धातू वाचतो, परंतु त्या धातूला पंख्याचे, शेगडीचे किंवा शिलाई यंत्राचे रूप देण्यासाठी जे श्रम, जी ऊर्जा आणि जे कौशल्य खर्ची पडलेले असते, ते सर्व भट्टीत जाते. दुरुस्तीत ते सर्व वाचते. मोबाइल फोनसारख्या वस्तूच्या बाबतीत तर तिच्या संपूर्ण आयुष्यातील कर्बभाराचा बहुतांश वाटा ती ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच, खाणीत व कारखान्यात, खर्च झालेला असतो. तेव्हा तो फोन आणखी दोन वर्षे चालविणे हेच त्याच्या बाबतीतले सर्वांत मोठे पुण्यकर्म.

आपल्याकडे दुरुस्तीची व्यवस्था किती जुनी व किती खोलवर रुजलेली होती हे समजून घ्यावयाचे, तर बलुतेदारीकडे पाहावे लागते. सुतार नांगर-वखराची, लोहार फाळ-कुऱ्हाडीची, चांभार मोटेची आणि पायताणांची निगा वर्षभर राखी, आणि सुगीला खळ्यावर प्रत्येक कुणब्याकडून त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. नांगर वर्षातून एकदा मोडला काय नि पाच वेळा मोडला काय, दुरुस्तीचा निराळा मोबदला सहसा नसे. या करारातील अर्थशास्त्र सूक्ष्म आहे. अवजार जितके टिकाऊ तितका सुताराचा त्रास कमी, आणि त्याचे उत्पन्न मात्र तेवढेच. म्हणजे वस्तू न मोडण्यात बनविणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचा स्वार्थ एक झालेला असे. आजच्या विक्रेत्याचा स्वार्थ नेमका उलट दिशेला उभा आहे. मात्र ही व्यवस्था जातीच्या खुंट्याला बांधलेली होती, तिच्यात सुताराच्या मुलाला सुतारकी नाकारण्याची आणि इतरांच्या मुलाला ती शिकण्याची मुभा नव्हती, आणि मेलेले ढोर ओढण्यापासून कातडे कमावण्यापर्यंतची कामे ज्यांच्या माथी मारली त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, हे विसरून तिचे गोडवे गाणे हा अन्याय होईल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेची जी कठोर चिकित्सा केली, ती आजही वाचण्याजोगी आहे. आपण घ्यावयाचे ते एवढेच, की दुरुस्ती ही वस्तीची वहिवाट असू शकते. तिला जन्माची सक्ती नको, स्वेच्छेचा पाया हवा.

शहरांतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुरुस्ती दाराशी चालून येत असे. पितळेच्या भांड्यांचेच उदाहरण घ्या. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यात आंबट आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, म्हणून भांड्याला आतून कल्हईचा पातळ थर आवश्यक. कल्हईवाला झाडाखाली जमिनीत खड्डा करून भाता जोडी, भांडे निखाऱ्यावर तापवी, त्यात नवसागराची पूड टाकून धातूवरचा मळ उडवी आणि २३२ अंशांवर वितळणाऱ्या कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले रूप क्षणार्धात काठापर्यंत पसरवी. भोवती जमलेल्या पोरांना ती जादू वाटे, परंतु ते रसायनशास्त्र होते आणि उघड्यावर, सर्वांच्या देखत चालत होते. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया, मृगापूर्वी छत्र्यांच्या काड्या बसविणारे कारागीर, गाद्यांचा कापूस पिंजून देणारे पिंजारी, शालीचे भोक नजरेस येणार नाही असे विणून काढणारे रफूगार, या सर्वांचे काम लोकांच्या डोळ्यांसमोर होई आणि म्हणून लोकांना वस्तूच्या अंतरंगाची काहीशी तरी ओळख राही. भांडी स्टेनलेस स्टीलची झाली, मसाला मिक्सरवर वाटला जाऊ लागला, यात वाईट काहीच नाही. गृहिणीचे कष्ट त्याने निश्चित हलके झाले. परंतु नव्या वस्तूंबरोबर नवे कल्हईवाले दाराशी आले नाहीत, आणि वस्तूचे अंतरंग झाकणाआड गेले.

झाकण उघडू नये अशी योजनाही पुष्कळदा जाणूनबुजून केलेली असते. विजेच्या दिव्यांचा इतिहास याचा बोलका पुरावा आहे. १९२४ च्या डिसेंबरात जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी जिनिव्हा येथे 'फीबस' नावाचा एक संघ उभारला, बाजारपेठा वाटून घेतल्या आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवण्याचे ठरविले. तत्पूर्वी दिवे दीड-दोन हजार तास सहज चालत. अधिक तेजस्वी तंतू अधिक तापतो व लवकर झिजतो हे पदार्थविज्ञान खरे आहे, आणि संघाचे समर्थक त्याचाच दाखला देत. परंतु ठरावाहून अधिक टिकणारा दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड करण्याची जी तरतूद त्या करारात होती, तिचे समर्थन कोणत्याही विज्ञानाने होण्यासारखे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तो संघ मोडला, त्यातील बुद्धी मात्र उरली. आज स्क्रूच्या जागी गोंद येतो; स्क्रू असलाच तर त्याचे डोके असे घडविलेले असते की साध्या पेचकसाने तो फिरू नये; बॅटरी कवचाला चिकटविलेली असते, वास्तविक लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरून-रिकामी झाली की तिची शक्ती घटणार हे बनविणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. नकाशे व दुरुस्तीची पुस्तके अधिकृत केंद्रांबाहेर सहसा दिली जात नाहीत. अशा स्थितीत 'दुरुस्तीपेक्षा नवीन घेणे परवडते' हे वाक्य ग्राहकाच्या तोंडी आपोआप येते, आणि त्या हिशेबात क्षेपणभूमीच्या शेजाऱ्यांचा खर्च कोणीच धरीत नाही.

या स्थितीला एक उत्तर हॉलंडमधून आले, आणि ते कोणा सरकारने वा मोठ्या कंपनीने दिलेले नाही. मार्तिन पोस्तमा या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅममधील एका नाट्यगृहात पहिले 'रिपेअर कॅफे' भरविले. त्याच वर्षी त्या शहरात 'पुनर्प्रक्रिया थांबवा, दुरुस्तीला लागा' अशा आशयाचा एक जाहीरनामा कलावंतांच्या एका व्यासपीठाने प्रसिद्ध केला होता, म्हणजे विचार हवेत होता. पोस्तमाबाईंनी त्याला टेबल, खुर्ची आणि चहा-कॉफी दिली. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या विश्वस्त संस्थेच्या मार्गदर्शनाखाली गावोगाव अशी केंद्रे निघाली आणि आज जगभर त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली आहे. त्यांची रीत साधी असते. महिन्यातून एखाद्या दिवशी, ग्रंथालयात, प्रार्थनामंदिरात किंवा वस्तीच्या सभागृहात, काही तासांसाठी टेबले मांडली जातात. एकावर वीजवस्तू, दुसऱ्यावर शिलाई, तिसऱ्यावर लाकूडकाम, अंगणात सायकली. निवृत्त तंत्रज्ञ, शिवणकामात निपुण स्त्रिया, उत्साही विद्यार्थी हे स्वयंसेवक. आलेला मनुष्य दाराशी आपली वस्तू व तिची तक्रार नोंदवितो, आणि मग, येथे या साऱ्या उपक्रमाचे मर्म आहे, ती वस्तू ठेवून निघून जात नाही; तो स्वयंसेवकाच्या शेजारी बसतो, झाकण स्वतः उघडतो, दिवा धरतो, स्क्रू सांभाळतो आणि शक्य तेथे दुरुस्ती स्वतःच्या हाताने करतो.

मालकाने शेजारी बसावे हा नियम वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु तो काढून टाकला तर उरते ते केवळ एक फुकट दुरुस्तीचे दुकान, आणि फुकट दुकाने फार काळ चालत नाहीत. शेजारी बसल्याने घडते ते वेगळेच. धूळ साचून व्हॅक्यूम क्लीनरचा मार्ग तुंबला होता, कॉफीयंत्राच्या नळीत क्षार बसले होते, दिव्याच्या तारेत चीर पडली होती, असे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य पुढच्या वेळी यंत्र बिघडण्यापूर्वीच त्याची निगा राखतो. आणि नवी वस्तू घेताना 'ही उघडता येते का, हिचे भाग मिळतात का' असे दुकानदाराला विचारतो. स्वयंसेवक ज्या वस्तू दुरुस्त करू शकत नाहीत त्यांचीही नोंद होते: कोणत्या कंपनीची, किती वर्षांची, कशामुळे अडले. आणलेल्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक वस्तू सहसा बऱ्या होऊन परततात. परंतु न झालेल्यांची ही टाचणे मला तितकीच मोलाची वाटतात, कारण पुढे युरोपात दुरुस्तीच्या हक्काची चळवळ कायदेमंडळांपुढे गेली तेव्हा असल्या अनुभवांचा साठा तिच्या हाताशी होता. नागरिकांनी टेबलावर बसून केलेली पंचनाम्याची नोंद एवढ्या दूरवर जाऊ शकते, ही गोष्ट आपल्याकडील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून धुलाईयंत्र, स्मार्टफोन, दूरचित्रवाणी संच अशा काही वस्तूंवर त्या किती सुलभपणे दुरुस्त होतील याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. उघडण्याची सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता व किंमत, माहितीपत्रके यांवरून ते गुण ठरत. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांत १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता याव्यात अशी तरतूद केली, आणि जून २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र निर्देश संमत केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांसाठी एक संकेतस्थळ खुले केले, जेथे कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती यांत अंतर असते. ट्रॅक्टर ऐन पेरणीत बंद पडलेल्या शेतकऱ्याला ते अंतर फार लांब वाटते.

तरीही आपली परिस्थिती हॉलंडहून एका बाबतीत निर्विवाद श्रीमंत आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे फेरी मारली तर ज्या भागासाठी युरोपातील माणसाला आठवडाभर टपालाची वाट पाहावी लागेल, तो येथे पाच मिनिटांत हाती पडतो. आणि कोपऱ्यावरचा मिक्सर-दुरुस्तीवाला, सायकलवाला, मोची हे अजून आहेत. म्हणून बंगळूर येथे २०१५ साली दुरुस्ती कॅफेचा उपक्रम सुरू झाला तेव्हा जो प्रश्न उभा राहिला तो आपल्यालाही टाळता येणार नाही: स्वयंसेवकांनी फुकट दुरुस्ती केली तर कारागिराच्या पोटावर पाय येणार नाही काय? येईल, जर त्याला बाहेर ठेवले तर. उपाय असा की त्याला गुरुस्थानी बसवावे, त्या दिवसाचे मानधन रहिवाशांनी वर्गणीतून द्यावे आणि जे काम टेबलावर होण्यासारखे नाही, म्हणजे मोटार भरणे, लेथवर आस बदलणे, सर्किटातील चिप बसविणे, ते त्याच्या दुकानात पाठवावे. मोटार भरणाऱ्या कारागिराला आजवर आपण ग्राहक दिले. आदर व विद्यार्थी दिले नाहीत. त्याचा मुलगा त्या दुकानात बसावयास तयार नसतो याचे कारण उत्पन्नाइतकेच या अनादरातही आहे.

याच पंक्तीत कचरावेचक येतात. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरडा उपसणाऱ्या बाईला ओळखपत्र आणि दारात उभे राहण्याचा हक्क मिळाला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील लहान घटना नव्हे. या भगिनी कचऱ्यातून काय चालू शकते आणि काय नाही हे रोज ओळखतात. शहरात फेकलेल्या जिनसांविषयी त्यांच्याइतकी प्रत्यक्ष जाण क्वचितच कोणाला असेल. दुरुस्तीची बैठक भरविणाऱ्या प्रत्येक सोसायटीने आपल्या वस्तीत काम करणाऱ्या कचरावेचक बाईला प्रथम विचारावे, की आमच्या इमारतीतून चांगल्या स्थितीत काय काय येते. तिचे उत्तर ऐकून बैठकीचा आराखडा करावा.

आता प्रत्यक्ष व्यवहार. दहा-बारा स्वयंसेवक, एक सभागृह आणि चार तास एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. साधनांत एक मल्टिमीटर, पेचकसांचा संच, पक्कड, पाने, सोल्डरिंगची लेखणी, एक शिलाई यंत्र, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे 'सिरीज बोर्ड', जो आपल्या गल्लीबोळांतील वायरमननी पिढ्यान्पिढ्या वापरला आहे. त्यात एक शंभर वॉटचा जुना, तंतूचा दिवा वस्तूच्या मार्गातच ओवलेला असतो, त्यामुळे वस्तूच्या आत तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर सारी वीज दिव्यातून जाऊन तो पूर्ण तेजाने पेटतो, पण इमारतीचा फ्यूज उडत नाही; दिवा मुळीच लागला नाही तर मार्ग कोठेतरी तुटला आहे असे समजावे; आणि मधल्या अंधुकपणाच्या छटांचा अर्थ अनुभवाने लागत जातो. थोडासा साठा हाताशी असावा: कपॅसिटर, कार्बन ब्रश, कपलर, तीन पिनांचे टॉप, इस्त्रीच्या तारा, पट्ट्या व बटणे. कुकरचे रबर आणि सुरक्षा-झडप मात्र ज्या कंपनीचा कुकर त्याच कंपनीची व त्याच मापाची घ्यावी. येथे काटकसर करू नये.

काही वस्तू टेबलावर घेऊच नयेत, आणि याबाबत भिडेखातर अपवाद करू नये. मायक्रोवेव्ह भट्टीतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ हजारो व्होल्टचा भार धरून राहू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. जुन्या नळीच्या दूरचित्रवाणी संचाचेही तसेच. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. ती वाळूच्या डब्यात वेगळी ठेवून अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्यावी. गॅसचा रेग्युलेटर किंवा नळी यांना तर पुरवठादाराशिवाय कोणी हात लावू नये. धातूचे अंग असलेली प्रत्येक वीजवस्तू परत देण्यापूर्वी तिची अर्थिंग तपासावी, आणि आलेल्या गृहस्थाकडून 'दुरुस्ती माझ्या जबाबदारीवर, हमी नाही' अशा एका ओळीवर सही घ्यावी. या सावधगिरीचा कंटाळा येणाऱ्याने या कामात पडू नये.

शिलाईच्या टेबलाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण अशा बैठकींची वर्णने वाचताना त्याची उपेक्षा झालेली मला जाणवते. घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात कपड्यांचाही वाटा असतो. बोहारीण दारावर येईनाशी झाल्यापासून तर जुने लुगडे, चादरी, मुलांचे आखूड झालेले कपडे यांना जाण्याची वाटच उरली नाही. आपल्या आया-आज्यांनी जुनी लुगडी एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने कडेपासून मध्यापर्यंत शिवत नेलेली गोधडी हा दुरुस्तीच्या कलेचा या भूमीतील सर्वांत परिपूर्ण आविष्कार आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो: तिच्यात नवे काहीच विकत घेतलेले नसते, मऊपणा वर्षांच्या धुण्याने आलेला असतो, आणि फाटली तर तिच्यावर आणखी एक थर चढतो. साखळी बिघडली म्हणून पिशवी, गुडघ्यावर फाटली म्हणून विजार, उसवली म्हणून उशी फेकणाऱ्या पिढीला धावदोरा, टीप, हेम, काजे आणि रफू या पाच गोष्टी शिकविण्यास दोन रविवार पुरतात. त्या शिकविणाऱ्या स्त्रिया प्रत्येक इमारतीत आहेत, आणि त्यांना आजवर कोणी 'तंत्रज्ञ' म्हटलेले नाही. मुलग्यांनाही त्या टेबलावर बसवावे. सुई धरण्यात पुरुषार्थाला कमीपणा येत नाही.

स्वयंसेवेची शिकवण आपणास बाहेरून आणावी लागत नाही. गाडगे महाराज ज्या गावी जात तेथे हातात खराटा घेऊन आधी रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. १९५६ साली ते गेले, आणि राज्य शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा त्यात हजारो गावे उतरली. झाडण्याचे काम हलके नाही, ते उघड्यावर, सर्वांनी आणि अंगमेहनतीने करावयाचे आहे, हा त्यांच्या जीवनाचा अर्थ. झाडलेला कचरा मुळात निर्माणच होऊ नये ही त्याच अर्थाची पुढची पायरी होय. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षभर तास भरणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन व फिटरचे शिक्षण घेणारी मुले, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते आणि ज्येष्ठ नागरिक संघांतील निवृत्त अभियंते, एवढे मनुष्यबळ प्रत्येक तालुक्याच्या गावी उपलब्ध आहे. त्यांना एका टेबलाभोवती आणणारा एक मनुष्य तेवढा हवा असतो. मंडळाचा मांडव दहा दिवस उभा असतोच. त्यातील एक दुपार दुरुस्तीला दिली तर वर्गणीदारांना त्याचा आनंदच होईल.

२०१७ पासून ऑक्टोबर महिन्याचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय दुरुस्ती दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक वर्षी तो दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे नेमका ज्या आठवड्यांत आपल्याकडे माळे रिकामे होतात, फडताळे आवरली जातात आणि इमारतीच्या जिन्याखाली टाकाऊ सामानाचे ढीग लागतात, त्याच सुमारास येतो. तेव्हा वाचकांना विनंती अशी की यंदा आवराआवरीला हात घालण्यापूर्वी आपल्या सोसायटीच्या किंवा वाड्याच्या चिटणीसांकडे एका शनिवारसाठी सभागृहाचा लेखी अर्ज करावा, कोपऱ्यावरच्या मिक्सरवाल्याला आठवडाभर आधी आमंत्रण द्यावे, आणि माळ्यावरून उतरवलेला पंखा भंगारात घालण्यापूर्वी त्याचा कपॅसिटर तपासून घ्यावा.